मानाचा बोर्ड

कोरेगावच्या नाथाजी हवालदारांचं नाक हा त्यांच्या अंगावरचा सगळ्यात कामसू अवयव होता. ते एकदा वर चढलं की समोरच्या वस्तूचं काही खरं नसे. बायको मनुबाईंच्या कालवणापासून ग्रामपंचायतीनं बसवलेल्या नव्या दिव्यांपर्यंत सगळ्यांनी त्या नाकाचा मार खाल्लेला. आळीतल्या बायका तर म्हणायच्या, हवालदार मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा आधी हुंगून मगच होकार दिला असेल. मनुबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या न लाजता म्हणाल्या, "व्हय, आनि अजूनबी हुंगत्यातच की. पर मला न्हवं, त्या बोर्डास्नी!"

आता हे बोर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. हवालदार फौजेत सिग्नलला होते. वायरी जोडण्यात उमर गेली. पेन्शनीवर घरी आले, ऊस आणि घेवडा बघायला धाकटा भाऊ होता, मग हातांना चाळा काय? त्र्याण्णव सालच्या सुमाराला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लालासाहेब नावाच्या माणसानं हौशी लोकांसाठी 'हुन्नर' नावाचा बोर्ड काढला. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर मधोमध एक चिप. त्या चिपला शिकवाल तसं ती वागायची. वीज आली की विहिरीवरची मोटर चालू कर, पाणी खाली गेलं की बंद कर, असं काहीही. शिकवलेलं बदलायचं असेल तर चिप तिच्या खोबणीतून उपटायची. तिच्या पाठीवर काचेची बारकी खिडकी. ती आभाळाकडे करून चिप आठवडाभर कडक उन्हात ठेवली की सगळं शिकलेलं पुसलं जायचं, मग नव्यानं शिकवायला मोकळे. त्यामुळे घराच्या गच्चीवर मनुबाईंच्या कुरडया आणि हवालदारांची चिप शेजारी शेजारी वाळत पडलेल्या असत. एकदा कावळा कुरडया सोडून चिपच घेऊन गेला. हवालदार खाली येऊन एवढंच म्हणाले, "गावात पारख आसल्याला ह्यो एकच निघाला."

त्या बोर्डावर त्यांनी काय काय केलं! मोटरीचं तर झालंच, वर गोठ्यात म्हैस हलली की दिवा लागेल अशी सोय केली. म्हैस दर हालचालीला दचकायला लागली आणि दूध चोरायला लागली. मनुबाईंनी तारा उपटून हवालदारांच्या पुढ्यात टाकल्या आणि दोन दिवस चहा बिनदुधाचा दिला.

महिन्यातल्या एका रविवारी हवालदार पॅसेंजर धरून सांगलीला जायचे. गणपती पेठेत कोंडीबाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या माडीवर अशी सगळी बोर्डवेडी माणसं जमायची, भडंगाचा ढीग मधे ओतायचा आणि तोंडं चालू. लालासाहेबांनी हुन्नरची नवी आवृत्ती काढली की ती आधी हवालदारांच्या हातात पडायची. जुना आणि नवा बोर्ड ते पाटावर शेजारी मांडायचे. आधी हुंगायचे. मग भिंगातून कथलाचे टाके बघायचे, नखानं टिचकी मारून बघायचे, आणि दोघांना तेच काम देऊन विहिरीवर राबवायचे. मग माडीवर निकाल. त्या निकालावर सांगली-मिरजेतले हौशी लोक बोर्ड घ्यायचे किंवा नाक मुरडायचे.

आणि त्यांचा शब्द लोक का मानायचे? तर 'हुन्नर दोन' आला तेव्हा हवालदारांनी अख्खा पावसाळा त्याला शिव्या घातल्या. गोगलगाय काय, मुडदा काय, नको नको ते. मग एक दिवस त्यांना दिसलं, की वायर आपणच उलटी जोडली होती. पुढच्या रविवारी भडंगाचा घास हातात तसाच धरून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "बोर्ड चांगला हाय. गाढव मी हाय." तेव्हापासून माडीवर त्यांच्या तोंडून निघेल ते खरं.

या पायऱ्या चढत पूजाही वाढली. हवालदारांची एकुलती एक. शाळेत होती तेव्हापासून बापामागं यायची, पुढे साताऱ्याच्या कॉलेजात गेली तरी यायची. हातात कथलाचा डाग देण्याची तापती कांडी अशी धरायची की मनुबाई डोक्याला हात लावायच्या. "पोरीच्या जातीला लाटणं शिकवावं, तर हे शिकवत्यात!" लाटणंही तिला येत होतं, पण ते कोण बघतो?

एक माणूस बघत होता म्हणे. लालासाहेबांचा वीरधवल. डिप्लोमा झालेला, गोरा, हसरा, बापाच्या कारखान्यात हुन्नरची आखणी आता तोच करायचा. माडीवर पूजा आली की याच्या हातातलं भडंग खाली सांडायचं. कोंडीबानं ते पहिल्यांदा टिपलं, आणि कोंडीबानं टिपलं म्हणजे गणपती पेठेनं टिपलं. शेवटी दादासो पाटील मधे पडले. दादासो हे दोन्हीकडचे लांबचे पाहुणे. त्यांना दुसऱ्यांची लग्नं जमवायची इतकी हौस, की स्वतःच्या शेतात तण माजलं होतं. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर साखरपुडा ठरला.

साखरपुडा कोरेगावात झाला. सातारचे कंदी पेढे, मांडव, सगळं यथासांग. वीरधवलनं अंगठी घातली, पूजा हसली, मनुबाईंनी डोळे पुसले. मग मानपानाची वेळ आली. आपल्याकडे व्याह्यानं व्याह्याला टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा. लालासाहेबांनी ताट पुढं केलं, त्यात टॉवेल, टोपी, नारळ, आणि वर कुंकू लावलेली एक चकचकीत डबी. डबीत 'हुन्नर तीन'.

"पाव्हणं," लालासाहेब मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "अजून बाजारात गेला न्हाई. पैला मान तुमचा. येत्या रविवारी माडीवर दोन आनि तीनचा मुकाबला तुमच्याच तोंडानं हू द्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादासोंनी हवालदारांच्या कानाला लागून सांगितलं, "मानाची वस्तू हाय. मानाच्या वस्तूला नावं ठिवायची नसत्यात, ध्यानात हाय न्हवं?"

हवालदारांच्या ध्यानात होतं. त्यांच्या थोरल्या मेव्हण्याला एकदा मानाची टोपी इतकी लहान आली, की डोक्यावर पेढा ठेवल्यासारखी दिसायची. पठ्ठ्यानं अख्खं लग्न तीच घालून काढलं, पंगतीत वाकून वाढलंसुद्धा. मान म्हणजे मान. नावं ठेवली की सोयरीक मोडली समजायची.

पाहुणे गेले. हवालदारांनी पाटावर कागद पसरला, जुना 'दोन' ठेवला आणि डबी उघडली. हुंगलं.

नाक वर चढलं ते खाली येईना.

टायर जाळून वर अत्तर मारल्यासारखा वास येत होता. भिंग लावलं तर टाके म्हणजे वाळक्या शेंबडाचे गोळे. कुठे ठिपका जास्त, कुठे चिपच्या पायाला धड चिकटलेलाच नाही. चिप खोबणीत नव्हती, थेट बोर्डाला डाग देऊन चिकटवलेली. पाठीवरची खिडकी गायब. म्हणजे एकदा कारखान्यात शिकवलं ते शिकवलं. घेवड्याचं पाणी उसाला वळवायचं म्हटलं तरी बोर्ड पोत्यात घालून कुपवाडला पाठवा, ते सांगतील तेव्हा परत आणा. आणि सगळ्यांत वर, चिपवर छापलेला नंबर खरवडून काढलेला! नंबर म्हणजे चिपचं नाव-गाव. तो असला तर माणूस बाजारातून तशीच दुसरी आणू शकतो.

"चोरीच्या बैलाचा डाग असा खरवडत्यात," हवालदार म्हणाले. त्यांनी डबी झाकली, अंगणात जाऊन थुंकून आले, आणि परत येऊन पुन्हा उघडली. किळस आली तरी बघितल्याशिवाय राहवेना, असा सगळा मामला.

पण नाकावर निकाल देणारे ते नव्हते. वायर उलटी जोडल्याची आठवण अजून ओली होती. विहिरीवर दोन्ही बोर्ड राबवले. वीज जरा मिचकावली की 'तीन' तोंडात मूग धरून बसायचा. शेजारी 'दोन' बिचारा मुकाट पाणी पाजत होता. वायरी तीन-तीनदा तपासल्या. सगळ्या सुलट.

घरात मनुबाईंनी कंबर कसली. "आवं, ऐका. पोरीचं सोनं झालंय. रविवारी त्वांड उगडायचं ते ग्वाडच उगडायचं."

"घाण हाय गं ती. निवळ घाण."

"मग माज्या कालवणाला नावं ठिवा, ल्हान पोरास्नी ठिवा, मला ठिवा. त्या डबीला न्हाई."

हवालदार उठून गोठ्यात गेले. तिथं म्हशीसमोर उभं राहून तालीम सुरू झाली. "डबी देखणी हाय... रंग झकास... वजनाला हलका..." म्हैस रवंथ करत ऐकत होती. 'एकंदरीत समाधानकारक' हे शब्द आले आणि हवालदारांना ठसका लागला. मागे पाण्याची बादली घेऊन पूजा उभी होती. तिनं बादली ठेवली आणि गेली.

रविवारी पूजा पॅसेंजरला बापाबरोबर निघाली. मनुबाई म्हणाल्या, साखरपुडा झालेल्या पोरीनं नवरा बसलेल्या माडीवर जाऊ नये, लोक काय म्हणतील? पूजा म्हणाली, "म्हणू द्यात की. मी आदीपासनं जातीया."

माडी खच्चून भरली होती. भडंगाला शेंगदाणे नेहमीपेक्षा जास्त होते, कारण लालासाहेबांनी स्वतः आणलं होतं. वीरधवल नवा शर्ट घालून भिंतीला टेकलेला. दादासो दाराशी, दोन्ही पक्षांकडे सारखं हसत.

हवालदार उठले. दोन बोर्ड पाटावर. "मंडळी," ते म्हणाले, "डबी देखणी हाय. रंग झकास. वजनाला..." आणि थांबले. तोंडात कुजका शेंगदाणा आल्यासारखा चेहरा झाला. "...हलका."

"वा!" लालासाहेब म्हणाले.

"एकंदरीत..." हवालदार पुढं म्हणाले.

"आबा," मागून पूजाचा आवाज आला, "तीनमदली चिप काडून दुसरी बसवता येती का?"

दादासोंचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही. हवालदारांनी लेकीकडे पाहिलं. असला सरळ प्रश्न त्यांना त्या माडीवर कुणी विचारला आणि त्यांनी वाकडं उत्तर दिलं, असं आजवर झालं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले.

आणि मग धरण फुटलं. "न्हाई येत. डाग दिऊन चिकटावलीया. शिकवल्यालं बदलाय येत न्हाई. टाकं बगा, शेंबड्या पोरानं नाक पुसल्यालं बरं! ईज हालली की मरतुया. ह्यो हौशी मान्साचा बोर्ड न्हवं, ह्यो गळफास हाय. बदल कराय दर बारीला कुपवाडची वारी करा! आनि नंबर! नंबर खरवाडलाय! पायताण चोरावं आनि वर त्येला पालिश करावं, तसली कळा!"

लालासाहेबांचं तोंड लाल झालं. माणूस वाईट नव्हता हं. 'हुन्नर एक' निघाला तेव्हा कुपवाडातल्याच कुणी तरी चिपचा नंबर वाचून हुबेहूब तसाच बोर्ड काढला होता, आणि वर्षभर लालासाहेबांची झोप उडवली होती. पण ते सरळ सांगायचं सोडून ते म्हणाले, "नंबर आमी न्हाई खरवाडला. वरनंच, कंपनीकडनंच तशी येती चिप."

पूजा वीरधवलकडे वळली. होणाऱ्या नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून तिनं नाव घेतलं नाही. "तुमी सांगा. वरनंच तशी येती?"

वीरधवलनं बापाकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, मग हसून म्हणाला, "हां. तशीच येती."

"आं?" कोंडीबा भडंग चघळत उद्गारला. त्याच्या पोटात गोष्ट कधी राहिली आहे? "मग गड्या, दसऱ्याच्या आदी माज्याकडनं झिरो नंबर पॉलिशपेपरचं भेंडोळं कशाला नेलंस? मी ईचारलं तवा चिपा घासाय लागत्यात म्हनालास की!"

माडीवर जो हशा उठला तो खाली पेठेत ऐकू गेला. पूजा हसली नाही. ती वीरधवलच्या त्या हसऱ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचं नाक हळूहळू वर चढलं. हुबेहूब बापासारखं.

लालासाहेब उठले. "पाव्हणं, मानाच्या वस्तूला चार मान्सांत नावं ठिवलीत. बरं न्हाई केलं." पोराला घेऊन जिना उतरले. दादासो मागोमाग धावले, एक चप्पल माडीवरच राहिली.

परतीच्या गाडीत हवालदार खिडकीला डोकं टेकवून बसले होते. त्यांना आता 'तीन'पेक्षा स्वतःचीच शिसारी येत होती. 'एकंदरीत' इथपर्यंत आपण गेलो होतो! एक शब्द राहिला होता.

"कशाला ईचारलंस पोरी?" किर्लोस्करवाडीच्या पुढं त्यांनी विचारलं. "मी गिळत हुतो की. तुज्यापायीच गिळत हुतो."

"आबा, मला जायाचंय त्या घरात. तितं नंबर खरवाडत्यात का न्हाई, ह्ये मला आदी कळाय नको?"

"खरवाडला आसंल धंद्यापायी. त्यात पोराचं काय?"

"खरवाडल्याचं कायबी न्हाई," पूजा म्हणाली. "मला तोंडावर हासून सांगितलं, वरनं तशीच येती म्हून."

गाव म्हणजे गाव. दुसऱ्या दिवशी कोरेगावात चार गोष्टी चालू झाल्या. हवालदारानं व्याह्याला बोर्ड फेकून मारला. पूजानं वीरधवलच्या थोबाडीत दिली. वीरधवलची म्हणे औंधात दुसरी कुणी आहे. चौथी गोष्ट इथं सांगण्यासारखी नाही, पण पाणवठ्यावर सगळ्यांत जास्त तीच चालली. मनुबाईंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. ताट समोर आदळायच्या आणि म्हशीला उद्देशून म्हणायच्या, "एका पट्टीपायी पोरीचं लगीन बुडवलं गं बाई!"

दोन-चार दिवसांनी दादासो आले. बाजेवर बसून पाणी प्याले. "हवालदार, लालासाहेब ऐकाय तयार हाईत. फुडल्या रविवारी माडीवर एवढंच म्हना, माजी वायर उलटी हुती. मागं म्हनला न्हवता का? लोकांचा इस्वास बसंल."

हवालदारांचं तोंड कसं झालं ते सांगायलाच नको. आयुष्यात एकदा खरी चूक कबूल केली, त्याच चुकीला आता खोटं म्हणून पुन्हा कामाला लावायचं! पण ते अंगणाकडे बघत म्हणाले, "म्हंतो."

मनुबाईंच्या हातातलं सूप थांबलं. नवऱ्याकडे त्यांनी रविवारनंतर पहिल्यांदा पाहिलं.

"पोरीसाठी म्हंतो," हवालदार म्हणाले. "येकदा घाण खाल्ली की झालं. चूळ भरंन."

पूजा चौकटीत उभी होती. "आबा, तुमी म्हना. पर मी त्या घरात जायाची न्हाई. मग उगं कशाला चूळ वाया घालवताय?"

दादासोंनी तिला समजावलं. मनुबाईंनी समजावलं, आधी गोडीनं, मग रडून, मग मामाला बोलावू म्हणून. पूजानं अंगठी काढून ताटात ठेवली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. भाकरी थापण्याचा आवाज असा येत होता, की दादासोंनी विषय आवरता घेतला.

मोडलेल्या सोयरिकीच्या वस्तू परत करायच्या असतात. मनुबाईंनी साडी घडी करून दिली, अंगठी, टॉवेल, टोपी. नारळ फोडून खाल्ला होता, म्हणून दुसरा ठेवला. दादासो पिशवी घेऊन उठले. "आनि ती डबी?"

"थांबा," हवालदार म्हणाले.

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. हवालदारांनी पाट मांडला, कागद पसरला, डाग द्यायची कांडी तापत ठेवली. नाक मुरडत, तोंडानं पुटपुटत त्यांनी 'तीन'चा एकेक टाका वितळवला, साफ केला, पुन्हा घातला. जिथं पाय नुसताच टेकला होता तिथं बसवला. मग चिप उचलायला घेतली. एका हातानं ते होईना. पूजा पदर खोचून समोर येऊन बसली आणि चिमट्यानं चिप धरली. बाप एकेक पाय सोडवत गेला, ती हळूहळू उचलत गेली. मोकळ्या जागेत त्यांनी खोबण बसवली, आणि ती बोडकी चिप खोबणीत दाबली.

दादासो बाजेवर बसून वैतागले होते. "आवं हवालदार, लगीन मोडलं. वस्तू त्येंची, त्येंच्या घरला चाललीया. तिला नटवाय काय लागलाय?"

हवालदारांनी बोर्ड नाकाशी नेला, हुंगला. नाक काही खाली आलं नाही.

"चिप भिकारच हाय. तिला काय कराय येत न्हाई," ते म्हणाले. "पर तसलं शेंबडं काम माज्या दारातनं भाईर जायाचं न्हाई. घ्या. आनि पिशवीत वर ठिवा, नारळाखाली दाबू नगा."